चढणीचा बोळ

चैत्र सरत आला तशी लाखी गाय रोज सकाळी गोठ्यात बसलेलीच सापडायला लागली. म्हातारी नव्हती, आजारी नव्हती. तिच्या पायांत उठण्याइतकं बळ उरलं नव्हतं, एवढंच. मग कान्होजी तिच्या पोटाखालून बांबू सरकवायचा आणि एक टोक स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा, दुसरं भूरा गड्याच्या खांद्यावर द्यायचा. कान्होजीची बायको दुर्गा मागून पुठ्ठ्याला रेटा द्यायची. पुढे कान्होजीच्या वहिनी उकिडव्या बसून गाईचं तोंड दोन्ही हातांत धरायच्या आणि 'ऊठ गं बाई, लवकर ऊठ, ऊन तापेल' असं तिच्या कानात सांगायच्या. गाय कण्हत, थरथरत उभी राहायची. दोघं पुरुष खांदे चोळत बाजूला व्हायचे आणि कुणी कुणाकडे बघायचं नाही.

हे घर पागेवाल्यांचं. चार पिढ्यांमागे दख्खनेतून शिंद्यांच्या घोडदळाबरोबर आलेली माणसं ग्वाल्हेरच्या पाण्याला लागली, ती इथलीच झाली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि रागावली की कोणती ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. कान्होजीची उभी हयात महाराजांच्या पागेत गेली. मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, फौज मोडली, घोडे लिलावात कुठच्या कुठे गेले, आणि कान्होजी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली खोली सोडून गावाकडच्या जमिनीवर येऊन राहिला. गाव लष्करपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. तिथं ठाकूर, गूजर, किरार असे सगळे होते, पण मराठी घर हे एकटंच. गावात त्याला अजून 'पागावाले' म्हणत. पागा राहिली नव्हती, नाव राहिलं होतं.

थोरले भाऊ जगदेवराव बऱ्याच वर्षांपूर्वी वारले, तेव्हा चार माणसांनी बसून वाटणी सांगितली होती. जमीन आणि बैल कान्होजीचे, गाई लीलावहिनींच्या. ते योग्यच होतं, कारण सगळं खिल्लार वहिनींनी माहेराहून आणलेल्या एकाच गाईचं होतं. मूलबाळ नसलेली बाई त्या गाईंतच रमली. कुणाची आजी कोण आणि कुणाची मावशी कोण हे त्या घडाघडा सांगत, आणि ऐकणाऱ्याला जांभई आली तरी सांगतच राहत. कान्होजी त्यांना चिडवायचा की वहिनी, तुमच्या गाईंना सोयरिकी शोधायला सोप्या जातील. त्या हसायच्या. हे सगळं चांगल्या दिवसांतलं.

गेल्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. तरीही निभलं असतं, पण दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. गावाशेजारी सरकारी कुरण होतं आणि पागेच्या माणसांना तिथं गुरं चारायची पूर्वापार मोकळीक होती. माघात त्या कुरणाला तारेचं कुंपण आलं आणि तारेआड चौकीदार आला. कान्होजी फूलबागेकडच्या कचेरीत जाऊन आला, पुन्हा जाऊन आला. तिथला बाबू भला माणूस होता, त्यानं पाणी विचारलं, खुर्ची दिली, आणि म्हणाला, "दाऊसाहब, जब पागा ही नहीं रही, तो पागा की चराई कैसी?" कान्होजी पायऱ्या उतरून आला.

घरी कोठारात भुसा होता. पण तो बैलजोडीला पावसाळ्यापर्यंत जेमतेम पुरला असता, आणि बैल पडले तर आषाढात नांगर कोण ओढणार. वहिनींनी त्या भुशाला कधी हात लावला नाही. त्या पहाटे लांब आकडी घेऊन बाहेर पडत. पिंपळाचा पाला, बाभळीच्या शेंगा, मिळेल ते ओरबाडून भर लूच्या झळांत डोक्यावर भारा घेऊन येत. साठीला टेकलेली बाई. त्यांच्या मानेवर काट्यांचे ओरखडे दिसायचे. आपले बैल दावणीला भुसा खातायत आणि पलीकडे गाई त्या आवाजाकडे कान टवकारून उभ्या आहेत, हे कान्होजी रोज बघत होता. वहिनी मागत नव्हत्या म्हणून त्याला देता येत नव्हतं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

त्यात रामसेवक व्यापारी ट्रक घेऊन गावात आला. तो म्हणाला, जमनापार कालव्याचं पाणी आहे, हिरवा चारा आहे, तिकडचे लोक गाई घेतात. भाकड गाई कोण घेतो, हा प्रश्न कान्होजीच्या जिभेवर आला होता. त्यानं तो गिळला. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

वहिनी दोन दिवस काही बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाल्या. ट्रक दाराशी आला. मागचं फळकूट पाडून त्याला एक लांब फळी टेकवली आणि रामसेवकाच्या माणसांनी गौरी गाईच्या गळ्यात दोर टाकला. गाय चढेना. दोघं पुढून ओढत होते, एक मागून काठी घालत होता. फळी लचकली, गाईचा पाय सटकला, फळी आणि ट्रक यांच्यामध्ये अडकला आणि गुडघ्याची साल निघाली. तरी ती मागेच रेटत होती. मग मागच्यानं तिचं शेपूट धरून पिळलं. गौरीनं जो हंबरडा फोडला, तसा त्या गोठ्यात कुणी ऐकला नव्हता.

वहिनी ओट्यावरून उतरल्या, चालत गेल्या आणि त्यांनी त्या माणसाचं मनगट धरलं. "छोड़ो," एवढंच म्हणाल्या. त्यानं सोडलं.

ट्रक रिकामा परत गेला. संध्याकाळी त्यांनी गौरीच्या गुडघ्याला हळद भरली आणि मग कान्होजीला हाक मारली. दुर्गा चुलीपाशी होती, तिलाही ऐकू जाईल अशा बेतानं बोलल्या.

"भावजी, गाई जाऊ नयेत असं मी म्हणत नाही. पण मी कोण त्यांना घालवणारी? आपल्या घरी काही अडलं की देवाला कौल लावतात. तसा यांनाच लावा. दोर नाही, काठी नाही, शेपटाला हात नाही. जी आपल्या मनानं ट्रकमध्ये चढेल ती गेली. जी नाही चढणार ती माझी राहिली, मग मी तिला माझ्या ताटातलं घालीन. तुम्हाला मंजूर आहे?"

घरात देवाच्या टाकांना फुलं लावून कौल घ्यायची चाल होती. उजवं फूल पडलं की होय, डावं पडलं की नाही. मग त्यावर कुणी हुज्जत घालायची नाही. वहिनींनी तीच रीत गाईंपर्यंत नेली होती. ऐकणाऱ्याला हसू आलं असतं. कान्होजीला आलं नाही, कारण त्याच्या मनात एकदम दुसरंच काही उभं राहिलं होतं.

पागेत असताना तो घोडे रेल्वेत चढवायच्या कामावर होता. लढाईच्या वर्षांत कितीतरी घोडे त्यानं मालगाडीच्या वाघिणीत घातले होते आणि एकालाही चाबूक लावला नव्हता. जनावर कशाला बुजतं हे त्याला ठाऊक होतं. पायाखाली पोकळ वाजलं, बाजूनं उजेड हलला, पुढे अंधार दिसला, वास परका आला, की ते बुजतं. हे सगळं काढून टाकलं की ते जातं. त्यासाठी त्याला जायचं असावं लागत नाही.

"मंजूर आहे, वहिनी," तो म्हणाला. पुढचं काही बोलला नाही. माणूस खोटं बोलून जेवढा फसवतो त्याहून गप्प राहून जास्त फसवतो, आणि वर आपण खोटं बोललो नाही म्हणून हात झटकायला मोकळा.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. शेताच्या कडेला गाडीवाट खोल गेली होती आणि तिचा काठ उंच होता. ट्रक मागे घेतला तर त्याची पाठ काठाशी बरोबर येईल अशी ती जागा. कान्होजीनं तिथं गोठ्याकडून काठापर्यंत मातीची चढण घातली. भूरा पहारीनं मुरूम खणायचा, कान्होजी पाटीनं वाहायचा, दोघं मिळून धुम्मसानं ठोकून घट्ट करायचे. ऊन असं की पहार हाताला चटके द्यायची, तिला ओलं फडकं गुंडाळावं लागे. दुपारी लू सुटली की दोघं ओल्या गोणपाटाखाली कडुलिंबाशी पडायचे आणि ऊन कलताच पुन्हा उठायचे. चढण इतकी सावकाश घातली होती की डोळे मिटून चालणाऱ्याला आपण वर जातोय हे समजलं नसतं.

मग दोन्ही बाजूंनी बाभळीचे खांब रोवले. पागेचा लिलाव झाला तेव्हा घोड्यांच्या ठाणांच्या सागवानी फळ्या कान्होजीनं घेऊन ठेवल्या होत्या, त्या त्यानं खांबांना ठोकल्या. खिळे आणायला तो खास लष्करच्या पाटणकर बाजारात जाऊन आला. फळ्यांमध्ये फट राहील तिथं आतून गोणपाट मारलं. खाली आडव्या पट्ट्या ठोकल्या, खुराला आधार मिळेल अशा अंतरावर. प्रत्येक पट्टीची धार त्यानं वाकसानं तासून मोडली आणि वरून तळवा फिरवून बघितली.

खरं सांगायचं तर तो त्या दिवसांत सुखात होता. पागा मोडल्यापासून त्याच्या हातांना त्यांच्या लायकीचं काम मिळालं नव्हतं. शेतात तो भूराच्या मागे मागेच असायचा. आता भूरा त्याला विचारत होता आणि तो सांगत होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला गाई आठवायच्या नाहीत. खांबाला भोक कुठं पाडायचं ते आठवायचं. पाप करताना माणसाचा हात किती सुबक चालतो, याचं त्याला नंतर नवल वाटलं.

फळ्यांच्या या बोळाची रुंदी ठरवायला खांब रोवण्याआधीच माप हवं होतं. गोठ्यात सगळ्यांत रुंद पुठ्ठ्याची चंद्री. ही वहिनींची लाडकी, इतरांच्या हाताला शिंग लावणारी आणि वहिनींच्या मागे परड्यात कुत्र्यासारखी हिंडणारी. कान्होजी सुतळी घेऊन तिच्याजवळ गेला. वहिनी पलीकडे शेण भरत होत्या, म्हणून त्यानं आधी तिच्या पाठीवरून हात फिरवला, गोमाशा हाकलल्यासारखं केलं, आणि त्याच हातानं सुतळी कमरेवरून टाकली. तिची कमरेची हाडं तळव्याला टोचली. माप घेऊन त्यानं सुतळी मुठीत दडवली. वहिनींनी वर बघितलं आणि त्या समाधानानं म्हणाल्या, "तुमचा हात लावून घेते आजकाल."

त्या मापाला त्यानं चार बोटं जास्त सोडली. दोन्ही अंगांना दोन-दोन. गाय सुखानं पुढे जाईल, पण मान मागे फिरवता येणार नाही. खांबांना समोरासमोर भोकं पाडली, त्यांतून गाईच्या मागे आडवा अडसर सरकवता येईल अशी. एक भोक झालं की पुढच्या खांबाला दुसरं.

भूरानं बोळात शिरून बघितलं. दोन्ही कोपर फळ्यांना लावून म्हणाला, "दाऊ, इसमें तो मुड़ भी न पाएगी।"

"मुड़ना काहे को है," कान्होजी म्हणाला, आणि पटाशी उचलून उगीचच एक भोक साफ करायला लागला.

दुर्गा भाकरी घेऊन आली ती काठावर उभी राहून बराच वेळ बघत होती. नवऱ्याचं आणि जाऊबाईंचं बोलणं तिनं त्या संध्याकाळी ऐकलं होतं. हे आतून जाऊबाईंना दाखवलंत का, असं तिनं विचारलं. त्यात काय दाखवायचं, असं तो म्हणाला. तिनं पदरानं भाकरीवरच्या माशा वारल्या. निघताना, पाठ फिरवल्यावर, म्हणाली की बैलांना भुसा पुरेल मग.

रामसेवक सकाळी आला. कान्होजीनं ट्रकच्या पुढच्या बाजूचं ताडपत्रीचं तोंड उघडायला लावलं, म्हणजे बोळातून बघणाऱ्या गाईला समोर आभाळ दिसावं. खाली गोठ्यातलंच जुनं, मुताच्या वासाचं पाचोळ्याचं अंथरूण पसरलं. ट्रकमध्येही तेच. वहिनींनी एकेका गाईचे पाय धुतले, कुंकू लावलं, गुळाचा खडा भरवला आणि त्या गोठ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्यांना बोळाचं तोंड दिसत होतं आणि पलीकडे ट्रकची पाठ दिसत होती. मधलं गोणपाटाआड होतं.

गौरी पहिली. ती हुंगत हुंगत बोळात शिरली आणि चालत ट्रकमध्ये गेली. तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. खुरांचा आवाजसुद्धा झाला नाही. रामसेवकाच्या माणसांनी काठ्या टेकून तोंडात बोटं घातली. कान्होजी पलीकडच्या अंगानं, वहिनींच्या नजरेआड, बोळाच्या कडेकडेनं चालत प्रत्येकीच्या मागे अडसर सरकवत होता, आणि बहुतेकींना त्याची गरजच पडली नाही.

चंद्री शेवटची. ती अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली. कान्होजीनं गोणपाटाच्या कडेतून आत बघितलं. तिनं मान मागे घ्यायचा प्रयत्न केला, शिंग फळीला लागलं. दुसऱ्या बाजूनं केला, तिकडेही लागलं. मग तिनं एक पाऊल मागे टाकलं, तिथं अडसर होता. ती ओरडली नाही. तिचा एक डोळा फटीशी आला आणि त्या डोळ्यानं कान्होजीला ओळखलं. कान्होजीनं मागचा अडसर काढला, पुढच्या भोकात घातला आणि दोन्ही हातांनी हळूच पुढे दाबला. तिच्या मांडीला लाकूड लागलं. ती पुढे गेली. लाखी उभी राहत नव्हती आणि बाहुली कालवडीला ट्रकमध्ये जागा नव्हती, म्हणून त्या दोघी पुढच्या खेपेला ठेवल्या.

ट्रकची धूळ बसेपर्यंत वहिनी दारात होत्या. मग त्या आत आल्या आणि रिकामा गोठा झाडायला लागल्या. झाडता झाडता म्हणाल्या, "एकीनंसुद्धा मागे वळून बघितलं नाही हो, भावजी. चंद्रीनंही नाही."

इथं सांगता आलं असतं. कान्होजीनं तोंड उघडलंही, पण निघालं ते असं की उपाशी जनावराला कसलं भान असतं, वहिनी.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "पोटाला घातलं नाही मी. कंटाळल्या असतील मला. त्यांना जायचंच होतं."

कान्होजीनं शिव्याशापांची तयारी ठेवली होती. रडणं, न जेवणं, बोलणं टाकणं हे सगळं त्यानं मनात धरलं होतं. वहिनींनी त्यातलं काही केलं नाही. त्या वेळेवर उठत, वेळेवर जेवत. फक्त कोणत्याही गोष्टीत आपलं चुकलं असं म्हणायला लागल्या. आमटी खारट झाली, माझंच चुकलं. घागर लवंडली, माझंच चुकलं. लाखीला उठवताना आता त्या तिच्या तोंडाशी बसत नसत, मागे दुर्गाच्या जागी उभ्या राहत. तिला माझं तोंड बघायचं नसेल, म्हणाल्या. कान्होजी बांबू खांद्यावर घेऊन उभा होता. बांबू खाली टाकून पळून जावं असं त्याला वाटलं.

खाई त्याला खवखवे. बैल दावणीला भुसा चघळायचे त्या आवाजानं त्याला ओट्यावर बसवेना. तो शेतावर जाऊन बसायचा, तर तिथून चढण दिसायची. ती गावभर गाजली होती. लोक लांबून बघायला येत, फळ्यांवर थापा मारत, पागावाल्यांचं डोकं म्हणजे डोकं म्हणत. गावच्या मुखियानं आपलीही चार गुरं त्याच वाटेनं ट्रकमध्ये घातली. त्यांत त्याची एक पांढरी गाय होती, अंगानं भरलेली आणि स्वभावानं अशी की भूरानं तिच्या भीतीनं ती गल्लीच सोडली होती. तीही मुकाट चढली. मुखियानं सगळ्यांसमोर कान्होजीच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला गूळ-पाणी दिलं.

ही बातमी दुर्गानं घरी सांगितली. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मुखियाची पांढरी?" त्या म्हणाल्या. "ती तर उपाशी नव्हती. ती का गेली?"

दुर्गानं नवऱ्याकडे बघितलं. नवरा पागोटं शोधायला आत गेला.

दुसऱ्या खेपेचा दिवस उजाडला. कान्होजी लवकरच चढणीवर जाऊन पाचोळा पसरत होता. वर ट्रकच्या जागी पोकळी होती, खाली गाडीवाट. पाठीमागे काकणं वाजली म्हणून त्यानं बघितलं, तर वहिनी बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. कासोटा सावरला आणि आत शिरल्या.

कान्होजी बाजूच्या फळीवर चढून बाहेर आला. तो खांबाला धरून बघत राहिला. आत वहिनींचं डोकं गोणपाटाच्या वर हलत होतं. त्या गाईसारख्याच सावकाश चालत होत्या. अर्ध्यावर थांबल्या. एक खांदा मागे घेतला, दुसरा घेतला. त्या अंगानं बारीक, त्यांना वळणं जड नव्हतं. पण त्यांनी दोन्ही हात पसरून फळ्यांना लावले आणि ती रुंदी हातांनी मोजली. मग खाली वाकून खांबाचं भोक चाचपलं. समोरच्या खांबाचं चाचपलं. भोकाच्या कडा अडसर घासून गुळगुळीत झाल्या होत्या. त्यांवर त्यांनी अंगठा फिरवला.

बऱ्याच वेळानं त्या उलट्या पावलांनी खाली आल्या, एकेका पट्टीवर टाच टेकत. कान्होजी हात द्यायला पुढे झाला. तो हात त्यांनी घेतला नाही.

"चंद्री थांबली होती का?" त्यांनी विचारलं.

"थांबली होती."

"वळून बघत होती?"

"दोन्हीकडनं बघितलं तिनं. शिंगं लागली." कान्होजीनं दोन्ही तळवे पुढे केले. "मग मागनं अडसर दाबला मी. या हातांनी."

वहिनी चढणीच्या पायथ्याशी बसल्या आणि रडायला लागल्या. त्या दिवशी दारात रडल्या नव्हत्या, ते आता रडल्या. आणि रडता रडता त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते बघून कान्होजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना बरं वाटत होतं.

"म्हणजे तिला नव्हतं जायचं," त्या म्हणाल्या. "माझ्यावर नव्हती रागावली ती."

"नाही वहिनी."

पदरानं डोळे पुसून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "बैलांसाठी केलंत ना हे? भुशासाठी?"

त्यानं मान डोलावली.

"मग सांगायचं होतं. चारा नाही हे मला दिसत नव्हतं का? भावजी, घर बुडतंय म्हणाला असतात तर मी स्वतः एकेकीला हाकलून दिलं असतं. रात्रंदिवस रडले असते, पण दिलं असतं. तुम्ही माझ्या गाईंच्या तोंडून खोटा कौल वदवून घेतलात. एवढे दिवस मी त्यांना बेइमान समजत राहिले."

गाडीवाटेच्या टोकाला ट्रकचा आवाज यायला लागला. वहिनी उठल्या, गोठ्यात गेल्या आणि बाहुलीला सोडून बाहेर घेऊन आल्या. तिच्या गळ्यात जाड दोर होता. दोराचं टोक त्यांनी कान्होजीच्या हातात दिलं.

"हिला बोळातून न्यायची नाही. समोरून न्या, सगळ्यांच्या देखत. फळी लावा आणि ओढा."

"वहिनी, लागेल तिला."

"लागू दे. आपण नेतोय हे तिला कळू दे. आणि मग लाखीला उचलून घाला, तिला चालवत नाही."

ट्रक आला. फळकूट पडलं, फळी लागली. रामसेवकाची माणसं पुढे सरसावली, त्यांना वहिनींनी हातानं मागे सारलं. कान्होजी एकटा फळीवर चढला आणि दोर ताणला. बाहुलीनं चारही खुरं मातीत रोवली, मान लांब केली आणि त्याच्याकडे डोळे फाडून बघत हंबरली. वहिनी तिच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं नाही.

कान्होजीनं दोर मनगटाला गुंडाळला, पाय फळीला टेकवले आणि ओढायला लागला.